‘घावन खाऊन जा’ म्हणणाऱ्या बाईंचं पान

रेवा आणि निनाद,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निनादने विचारलं, “आजी, तू नोकरीत नक्की काय करायचीस?” मी घाईत सांगितलं, “लेखकांना गप्प बसवायचे.” तुम्ही दोघं हसलात, मागून तुमची आई हसली आणि तेवढ्यात तुमची झोपायची वेळ झाली. न्यूझीलंडची हीच अडचण आहे. मी दुपारच्या जेवणाची भांडी आवरते, तेव्हा तुमचे दात घासून झालेले असतात. अर्धं उत्तर तोंडातच राहतं.

नंतर या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. म्हटलं, ते राहिलेलं उत्तरच लिहून काढावं. तुम्हाला आई वाचून दाखवेल. बाकीच्या वाचकांनी असं समजावं की एक आजी नातवंडांशी बोलते आहे आणि शेजारच्या खोलीत ते ऐकू येतंय.

मी मुंबईतल्या एका पुस्तकांच्या कंपनीत होते. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले आणि आयुष्यभर मराठी पुस्तकांच्या वाचकांना उत्तरं दिली. सुरुवातीला पोस्टकार्डं यायची. वाचक लेखकाला लिहायचा, पत्र आमच्या पत्त्यावर यायचं, आम्ही ते लेखकाकडे धाडायचो. उत्तर यायला महिना जायचा. त्या महिन्यात लेखकाचा राग निवायचा आणि वाचकाचाही. टपालखात्याने मराठी साहित्यावर केवढे उपकार केले, हे आम्हाला टपाल थांबल्यावर कळलं.

मग प्रत्येक लेखकाचं ऑनलाइन पान झालं. वाचक सकाळी टोमणा मारायचा आणि लेखक आंघोळीला जाण्याआधी त्याचं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “सुलभाताई, लेखक बोलतो तेव्हा आपली कंपनीही बोलत असते. तेवढं बघा.” ते तेवढं बघणं म्हणजे माझी शेवटच्या वर्षांतली नोकरी.

काम दिसायला सोपं होतं. लेखकाने वाचकांशी बोलावं, कारण त्याने पुस्तकं विकली जातात. पण असं काही बोलू नये, ज्याने पुस्तकं विकली जायची थांबतील. मी सगळ्यांना एक साधी सवय लावायचा प्रयत्न केला. रागाचं उत्तर लिहा, पण वाचकाला पाठवण्याआधी मला पाठवा. मी ते ठेवून द्यायचे. धुतलेले तांदूळ निथळायला ठेवतात तसं. संध्याकाळी विचारायचे, “पाठवू का?” बहुतेक जण म्हणायचे, “जाऊ द्या हो.”

एक रहस्यकथाकार मात्र निथळायला थांबत नसत. त्यांनी वेगळ्याच नावाने एक चाहता तयार केला होता. हा चाहता त्यांच्या प्रत्येक टीकाकाराशी भांडायचा. एकदा चाहत्याने लिहिलं, “या कादंबरीतली गुंतागुंत तुम्हाला काय कळणार? लिहिताना माझी दोन वर्षं गेली.” मी फोन केला.

“सर, ते काढा.”

“काय काढू?”

“तुमचा चाहता.”

त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाले, “एकच होता हो.”

मला हसू आलं नाही. त्या आवाजात जे होतं ते मी पुढे पुष्कळ लेखकांच्या आवाजात ऐकलं. आम्ही कंपनीतले लोक त्याला प्रतिमा म्हणायचो, प्रतिष्ठा म्हणायचो. लेखकाला मात्र आपल्याशी कोणीतरी बोलावं, एवढंच हवं असायचं.

आता द्वारकाताईंकडे येते. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

द्वारकाताई काशीदच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी लहान मुलांसाठी चार पुस्तकं लिहिली. चारही पुस्तकांत एकच घर. अंगणात विहीर, विहिरीवर वाकलेलं उंडीचं झाड आणि ओटीवर बसलेली आजी. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती आजी हाक मारते, “या, घावन खाऊन जा.” पोस्टमन असो, हरवलेलं वासरू शोधणारा पोरगा असो, एकदा तर चोरसुद्धा. मुलांना ते वाक्य पाठ झालं. आमच्या मार्केटिंगचा प्रमुख रोहन हुशार मुलगा. त्याने ते वाक्य मुखपृष्ठावर घेतलं, पुस्तकातल्या खुणेच्या पट्टीवर छापलं आणि द्वारकाताईंच्या ऑनलाइन पानावर वरच लावलं. विक्री वाढली.

माझं माहेर किहीमचं. म्हणून ऑफिसात म्हणाले, “तुमच्याच बाजूच्या आहेत, तुम्हीच सांभाळा.” शनिवार-रविवार मी किहीमच्या घरी असायचे, बाकी दिवस मुंबईत. आमची ओळख फोनवरच वाढली. वयाने त्या माझ्याहून मोठ्या. यजमान वारलेले, मुलगा पनवेलकडे कारखान्यात, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. एरवी घरात त्या आणि भिंतीपलीकडे शेजारीण हिराबाय.

पान सुरू झालं आणि द्वारकाताई एका बोटाने टाइप करून प्रत्येक मुलाला उत्तर द्यायला लागल्या. सकाळी विहिरीचं पाणी भरून झालं की फोन घेऊन ओटीवर बसायच्या. “अगो सुलभा,” त्या मला सांगायच्या, “शाळा सुटलीच नाय म्हणायची. पटावरची पोरं वाढलीत उलट.” कुणी दात पडल्याचं कळवायचं, कुणी कुत्र्याचा फोटो पाठवायचं. द्वारकाताई दाताची चौकशी करायच्या, कुत्र्याचं नाव विचारायच्या आणि शेवटी न चुकता लिहायच्या, “या बाजूला आलात की घरी या. घावन खाऊन जा.”

आता तुम्हाला एक समजावून सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर ‘या कधीतरी’ हे बोलणं संपवायचं एक वळण आहे. बाजारात भेटलेल्या माणसालाही आम्ही ते म्हणतो. म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की लगेच चपला घालायच्या नसतात. पण कोणी खरंच आलं तर चूल पेटते, हेही तितकंच खरं. गावात ते निभतं, कारण गावात माणसं किती असणार? द्वारकाताईंनी मात्र ते हजारो घरांना म्हटलं होतं आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत मोटार होती.

लोक येऊ लागले. काशीदच्या किनाऱ्यावर सहलीला येणारी कुटुंबं वाट वाकडी करून द्वारकाताईंच्या दारात उतरायची. मुलं विहिरीत वाकून बघायची, आया किंचाळायच्या, द्वारकाताई घावन घालायच्या. फोटो पानावर यायचे. रोहन खूश होता. म्हणायचा, “मॅडम, असं प्रमोशन पैसे देऊनसुद्धा होत नाही.” मी म्हणायचे, “एखाद्या दिवशी त्या घरी नसतील.” तो म्हणायचा, “कुठे जाणारेत त्या?”

त्या जाणार होत्या मांडव्याला.

इंग्लंडमध्ये राहणारी ओवी नावाची एक मुलगी होती, तुमच्याएवढीच. मराठी लिहायला नुकती शिकत होती. द्वारकाताईंना ती रोज लिहायची. काना कुठे, मात्रा कुठे, काही पत्ता नसायचा आणि द्वारकाताई तिचं एकेक वाक्य दुरुस्त करून परत पाठवायच्या. वर्षभर हे चाललं. नाताळच्या सुट्टीत ओवी आईबाबांबरोबर मुंबईला येणार होती. तिने कळवलं, “आजी, रविवारी बोटीने येते.” कुठल्या बोटीने, ते कळवलं नव्हतं.

द्वारकाताईंनी मला फोन केला. “अगो, पोरगी येतेय माझी. आणायला जातेय मांडव्याला. परदेशातलं लेकरू, एसटी कुठली पकडायची ते काय माहीत तिला?”

मी म्हटलं, “आईबाप आहेत बरोबर. गाडी करतील.”

“करू दे. धक्क्यावर कोणीतरी दिसायला नको? उतरल्यावर आपलं माणूस दिसलं म्हंजे झालं.”

त्या रविवारी मी किहीमला होते. दुपारी रोहनचा फोन आला. “मॅडम, वाट लागली. व्हिडिओ बघा.”

पुण्याची दोन कुटुंबं, सगळी मिळून गाडीभर माणसं, मुलांना पुस्तकातली आजी दाखवायला आली होती. दाराला कुलूप. एक छोटी मुलगी पायरीवर बसून रडत होती, हातात पुस्तक. तिचे वडील कॅमेऱ्यात बघून बोलत होते, “हे बघा, ‘या, घावन खाऊन जा.’ तासभर उभे आहोत. हे सगळं पुस्तकं खपवण्यासाठी असतं. मुलांच्या भावनांचा धंदा.” मागून हिराबायचा आवाज येत होता, “बाय न्हाय घरान. मांडव्याला गेलीय. तुम्ही बसा, चाय ठेवते.” त्यावर व्हिडिओ संपला.

खाली कमेंटचा पाऊस. खोटारडी लेखिका, ढोंगी कंपनी, पुस्तकं परत करा.

तासाभरात निवेदनाचा मसुदा माझ्या फोनवर आला. “लेखिकेची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे त्या घरी उपस्थित नव्हत्या.” पाठोपाठ रोहन. “मॅडम, मालक म्हणतायत, डॅमेज कंट्रोल करा आणि पान आपल्या ताब्यात घ्या. आजपासून उत्तरं ऑफिसमधून जातील. तुम्हीच लिहा त्यांच्या नावाने. त्यांची भाषा तुम्हाला येते. वाचकांना काय कळणार?”

“वाचकांना नाही कळणार,” मी म्हटलं. “त्यांना कळेल.”

“त्यांचं मानधन कमी नाही होणार, मॅडम.”

“रोहन, त्या मानधनासाठी लिहीत नाहीत. पान घेतलंत तर त्यांची सकाळ घेतलीत. आणि हिराबाय मांडवा म्हणालीय. जे व्हिडिओत ऐकू येतं ते निवेदनात खोडता येत नाही. संध्याकाळपर्यंत थांबा.”

“संध्याकाळपर्यंत. मग मी पासवर्ड बदलतोय, सॉरी.”

रिक्षा करून मी मांडव्याला गेले. द्वारकाताईंना मी पुस्तकावरच्या फोटोतच पाहिलं होतं, पण ओळखायला अडचण पडली नाही. जेट्टीवर एक बोट नुकती रिकामी झाली होती. टोप्या घातलेली, बॅगा ओढणारी माणसं बसकडे पळत होती. त्या सगळ्यांकडे तोंड करून एक बाई बाकावर ताठ बसली होती. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा, दोन्ही हात डब्यावर. प्रत्येक लहान मुलीकडे ती जरा हसून बघायची. मुलगी पुढे गेली की हसू मिटायचं आणि पुढच्या मुलीला परत उमलायचं.

“द्वारकाताई.”

“अगो, तू सुलभा ना? बरी आलीस. ही बोट नसेल त्यांची. आणखी दोन हायत.”

“फोन बघितलात?”

“बंद ठेवलाय. बॅटरी संपली तर पोरगी फोन कुठे करेल?”

मी त्यांना सांगितलं. व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, मग परत मागे नेऊन पायरीवर रडणाऱ्या मुलीवर थांबवला.

“ही कोण?”

“माहीत नाही. पुण्याची आहे.”

“ही आली होती,” त्या म्हणाल्या. “आणि मी हिच्यासाठी नव्हते.”

आणखी दोन बोटी आल्या. मी त्यांना उठा म्हटलं नाही. मलाही उठवेना. शेवटच्या बोटीतला शेवटचा माणूस उतरून गेला, खलाशाने दोर बांधला, तेव्हा त्यांनी मला विचारलं. ओवीबद्दल विचारलं नाही.

“माझं पान बंद करतील का गो?”

“काढून घेतील. उत्तरं ऑफिस देईल, तुमच्या नावाने.”

“कोण देणार?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू चांगलं लिहशील,” म्हणाल्या आणि डबा पदराखाली घेतला. एवढं वाईट मला मालकांच्या कुठल्या बोलण्याचंही वाटलं नव्हतं.

मी त्यांना किहीमला घरी आणलं. ओटीवर बसून डबा उघडला. गार घावन म्हणजे चामडं. नारळाचा रस आंबला होता, तो ओतून टाकला. चहात बुडवून आम्ही ते घावन खाल्ले. मग मी त्यांचा फोन सुरू करून त्यांच्या हातात दिला. पासवर्ड अजून बदललेला नव्हता. “तुम्हीच लिहा. जे झालं ते.”

“ऑफिस?”

“ऑफिसचं मी बघते.”

एका बोटाने त्यांनी लिहिलं. मी एक अक्षर बदललं नाही. मला ते अजून पाठ आहे.

“पुण्याच्या बाळा, तू आलीस तेव्हा मी घरी नव्हते. एका मुलीला आणायला मांडव्याला गेले होते. ती आली नाही. तू आलीस तर दाराला कुलूप. आमच्यात या म्हटलं की दार उघडं ठेवायचं असतं. मी या म्हटलं आणि किल्ली कमरेला लावून गेले. चूक माझी आहे, पुस्तकाची नाही. तुझे बाबा रागावले ते बरोबर. हिराबायने चहा ठेवते म्हटलं होतं, तो तरी घ्यायला हवा होता. ती वाईट वाटून बसली आहे.”

रोहन फोनवर ओरडला. “मॅडम, चूक कबूल? लिगलला विचारलं नाही, कुणाला विचारलं नाही!” मी म्हटलं, “सकाळपर्यंत निथळू दे.”

सकाळी वारं फिरलं होतं. लोक त्या वडिलांना विचारत होते, “मागे ती बाई बसा म्हणतेय, बसायचं होतं की.” कुणी हिराबायच्या चहाची चौकशी करत होतं. दुपारी त्या वडिलांनीच व्हिडिओ काढून टाकला आणि लिहिलं, “परत येऊ. हिराबाईंना सांगा.” मालकांनी मला बोलावून एवढंच विचारलं, “हे परत होणार नाही ना?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मला नोकरीत एवढंच नीट जमायचं, पसरलेलं आवरून ठेवणं. मी म्हटलं, “पान त्यांच्याकडेच राहील. पण यापुढे नुसतं ‘या’ लिहायचं नाही. ‘या’च्या पुढे दिवस लिहायचा. वर्षातून एक दिवस दार उघडं. त्या दिवशी या आणि घावन खाऊन जा.”

द्वारकाताईंना हे सांगणं जास्त कठीण गेलं. “दिवस सांगून बोलवायचं? मग ते आमंत्रण झालं, आपलेपणा कुठे राहिला?” त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग फोन आला. “चैत्री पौर्णिमेला आमची पालखी असते. त्या दिवशी तसंही गावात कोणाचं दार बंद नसतं. चालेल?”

चालेल म्हणजे काय! पहिल्या पौर्णिमेला आळीतल्या प्रत्येक घरी चूल पेटली होती. हिराबायने पाहुणे आपसांत वाटून टाकले, “तुम्ही माझ्याकडं, तुम्ही समोर, ही टोपीवाली न्हानग्या दिराच्या घरान.” पुण्याची मुलगी आली आणि विहिरीपासून हलेना. रोहन बिडाच्या तव्यासमोर बसला आणि घावन फाडत राहिला. हिराबाय म्हणाली, “तू पुस्तकंच वीक बाबा.” तेव्हापासून ही पौर्णिमा दर वर्षी होते. कंपनीत नवीन लोक आले, तेही येतात. त्यांच्या बैठकांत या दिवसाला काहीतरी इंग्रजी नाव आहे. मी विचारलं नाही.

ओवीच्या आईचा निरोप दोन-तीन दिवसांनी आला होता. “सॉरी हं, नातेवाइकांत वेळच गेला. ओवीला सर्दी होती. पुढच्या वेळी नक्की.” माणसं वाईट नव्हती. सुट्टी लहान असते, नातेवाईक फार असतात, मुलांना सर्दी होते. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तुमची आईही मला हेच सांगते आणि खोटं काहीच सांगत नाही. ओवी अजून अधूनमधून लिहिते. आता तिचे काना-मात्रा चुकत नाहीत. द्वारकाताईंना दुरुस्त करायला काही उरत नाही, याचंच त्यांना वाईट वाटतं.

मी निवृत्त होऊन किहीमला आले. द्वारकाताईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. मुलांचे निरोप मी त्यांना फोनवर वाचून दाखवते आणि त्या सांगतील ते उत्तर टाइप करते. अक्षर माझं, शब्द त्यांचे. तिथे मी अजूनही काही बदलत नाही.

यंदाच्या पौर्णिमेला पालखी नाचवून झाली, पाहुणे पांगले आणि आम्ही दोघी ओटीवर बसलो होतो. विहिरीशी कुणाची तरी दोन मुलं भांडत होती, पोहरा आधी कोणी ओढायचा म्हणून. मी त्यांच्याकडे बघत होते. द्वारकाताईंना बारीक अक्षर दिसत नाही, बाकी सगळं दिसतं.

“तुझी कधी येणार?” त्यांनी विचारलं.

“येतील कधीतरी.”

“बोलावलंस?”

“दर रविवारी म्हणते की, या म्हणून.”

“नुसतं या?” त्या हसल्या. “अगो, तूच ना मला शिकवलंस? या म्हणायचं तर दिवस सांगायचा. मला दोन दिवस रडवलंस त्यापायी. आणि स्वतः?”

गेली पाच वर्षं मी तुम्हाला आमच्या किनाऱ्याच्या रीतीने ‘या हं’ म्हणत होते आणि फोन ठेवत होते. दिवस सांगितला तर तुम्ही नाही म्हणू शकता. नुसत्या ‘या’ला नाही म्हणता येत नाही. मला वाटतं, म्हणूनच आम्ही तसं म्हणतो.

तेव्हा आता नीट सांगते. येत्या चैत्री पौर्णिमेला या. एप्रिलमध्ये तुमच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी असते, मी शाळेच्या वेबसाइटवर पाहिलं आहे. तारखा जुळल्या नाहीत तर सुट्टीचा पहिला रविवार धरू. पालखी हलवता येत नाही, घावन कुठल्याही तिथीला होतात. आईला नाही म्हणावं लागलं तर तिने तसं म्हणावं. मी रागावणार नाही. पण या वेळी उत्तर द्यावं लागेल.

गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरा. कुठल्या बोटीने येता, ते कळवायला विसरलात तरी चालेल. मी पहिल्या बोटीपासून बाकावर असेन. द्वारकाताईही येतो म्हणाल्या आहेत. घराची किल्ली मी बरोबर आणणार नाही. दार उघडं असेल, शेजारणीला सांगून ठेवलं आहे. आपली चुकामूक झालीच तर तुम्ही सरळ आत जाऊन बसा.

तुमची,
आजी